तडा सापडला, चुंबकत्व उरले

पोलादाला गेलेला बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण पोलाद चुंबकित केले की तड्याजवळ बलरेषा पृष्ठभागाबाहेर पडतात आणि लोखंडाची पूड नेमकी तेथे जमते. १८६८ मध्ये इंग्लंडात सॅक्सबी यांनी तोफांच्या नळ्यांतील दोष होकायंत्राने शोधले होते. पुडीची युक्ती मात्र योगायोगाने हाती आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये विल्यम होक मापनाच्या अचूक ठोकळ्यांवर काम करीत होते. चुंबकीय चकवर धरलेले पोलाद घासताना निघणारा कीस तड्यांच्या रेषेत गोळा होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९२२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. कारखान्यांत ही पद्धत रुजवली ती आल्फ्रेड डी फॉरेस्ट यांनी. १९३४ मध्ये फॉस्टर डोन यांच्यासह त्यांनी मॅग्नाफ्लक्स कंपनी काढली.

इतिहास बहुधा येथेच थांबतो. आम्हाला पुढचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: तपासणीनंतर त्या भागात उरलेल्या चुंबकत्वाचे काय करायचे? असा भाग बेअरिंगजवळ बसवला तर तो कीस ओढून घेतो आणि बेअरिंग झिजते. विमानात तो होकायंत्राची दिशा बिघडवतो.

विद्युतप्रवाह बंद केला तरी चुंबकत्व शून्य होत नाही. टोकियोत शिकवत असताना जेम्स युइंग यांनी या मागे रेंगाळण्याला ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिले. उपाय त्यातूनच निघतो. तपासणीइतकेच प्रबळ क्षेत्र उलट दिशेने द्यायचे, मग सुलट, पुन्हा उलट, आणि दर वेळी थोडे कमी. हिस्टेरेसिसचे वेटोळे आकसत शून्याशी येते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यातून भाग सावकाश दूर नेला की हेच घडते. भाग आत असतानाच बटण बंद केले, तर त्या क्षणाचे चुंबकत्व तसेच अडकून बसते! जाड भागात प्रत्यावर्ती क्षेत्र खोलवर शिरत नाही, म्हणून तेथे दिशा बदलत जाणारा एकदिश प्रवाह वापरतात. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले तरी चुंबकत्व जाते. पण पाणी दिलेल्या पोलादाचा कठीणपणाही जातो.

फसवा प्रकार आहे तो वर्तुळाकार चुंबकत्वाचा. दांड्यातूनच प्रवाह सोडला तर बलरेषा आतल्या आत वळतात, ध्रुव तयारच होत नाहीत, आणि जवळ धरलेली सुई हलत नाही. पुढे त्याच दांड्यात चावीसाठी खाच पाडली की तिच्या दोन काठांवर ध्रुव उघडे पडतात. म्हणून अशा दांड्याला आधी लांबीच्या दिशेने चुंबकित करून मग त्याचे चुंबकत्व काढतात. लांब दांडा तेव्हा पूर्व-पश्चिम ठेवलेला बरा; उत्तर-दक्षिण ठेवला तर पृथ्वीचे क्षेत्र त्याला पुन्हा थोडे चुंबकत्व देते.