मल्लविद्या आणि वडील भावंडांचे कर्तव्य



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापली जाते व ती पाहून आम्हांस कृतार्थ वाटते. यंदा चिटणीसांनी आम्हांस इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा त्या यादीत ज्यांना कधीच स्थान मिळत नाही अशा मुलामुलींविषयी लिहावे असे आमच्या मनाने घेतले. जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही मुलांना इतिहास शिकविला. परंतु त्या इतिहासातील एक धडा आम्ही स्वतः फार उशिरा शिकलो. तो धडा असा की, कुस्तीच्या हौद्यात धाकटे भावंड एकटे उतरत नाही. त्याच्यामागे कोणीतरी थोरले उभे असावे लागते.

पुराणापासूनच आरंभ करू. मथुरेस कंसाने मल्लयुद्धाचा रंग मांडला, त्या वेळी चाणूर व मुष्टिक या नामांकित मल्लांसमोर गोकुळातील दोन कोवळे भाऊ उभे राहिले. कृष्णाने चाणूरास लोळविले, बलरामाने मुष्टिकास. कीर्तनकार या प्रसंगी कृष्णाचे गुणगान करतात, ते योग्यच आहे. परंतु थोरला बलराम त्या दिवशी ‘तू धाकटा आहेस, मागे सर’ असे म्हणाला नाही, इकडे आमचे लक्ष बरेच दिवस गेले नव्हते. त्याने आपला प्रतिस्पर्धी आपण घेतला आणि धाकट्याचा धाकट्यास घेऊ दिला.

पुराण बाजूस ठेवून इतिहासाकडे वळले म्हणजे प्रश्न व्यवहाराचा होतो. मल्ल घडतो तो केवळ मेहनतीवर नव्हे, तर खुराकावर. आणि खुराकास पैसा लागतो. हा पैसा कोणी द्यावयाचा? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा व्यायाम, त्यांचा आहार यांचा विचार त्यात आढळतो. मल्ल पोसणे हे राजाचे काम, असाच तो काळ मानीत होता. पुढे संस्थानांच्या अखेरपर्यंत थोड्याफार फरकाने हीच रीत चालत आली.

तथापि राजाश्रय मिळण्यापूर्वी घराचा आश्रय लागतो, याचे ठळक उदाहरण गामा व इमामबक्ष या बंधूंचे आहे. गामाचा जन्म १८७८ च्या सुमारास अमृतसरकडील पहिलवानांच्या घराण्यात झाला. वडील दतिया संस्थानच्या पदरी मल्ल होते. परंतु मुले लहान असतानाच ते निवर्तले. आजोबांनी व पुढे मामांनी गामास तयार केले. दहा वर्षांचा असताना जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत चारशेंहून अधिक पहिलवानांमध्ये तो अखेरच्या पंधरांत टिकला व महाराजांनी त्याच्या वयाकडे पाहून त्यालाच विजयी ठरविले, अशी हकीकत सांगतात. पितृछत्र हरपलेल्या या मुलाच्या पाठीवर धाकटा इमामबक्ष होता. थोरला एवढा कीर्तिमान निघाला म्हणजे धाकट्याने त्याच्या मागे लंगोट व तेलाची वाटी घेऊन हिंडावे, हेच बहुधा घडते. येथे तसे घडले नाही.

१९१० साली बंगालचे धनिक शरत्कुमार मित्र यांच्या साहाय्याने हिंदी मल्लांचे एक पथक विलायतेस गेले. त्यात गामा होता व इमामबक्षही होता. गामाची उंची बेताची म्हणून तेथील स्पर्धेत त्यास प्रथम घेईनात. तेव्हा त्याने लंडनमधील भल्याभल्यांस जाहीर आव्हान दिले. अमेरिकेच्या डॉ. रोलर यास त्याने पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत व दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत चीत केले. त्याच मोसमात इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेम यास दोनदा चीत केले व त्या दोन्ही वेळा मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत. १० सप्टेंबर रोजी गामा व पोलंडचा झिबिस्को यांची झुंज अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत राहिली. पुढच्या ठरलेल्या दिवशी झिबिस्को हजरच झाला नाही व मानाचा पट्टा गामास मिळाला. १९२८ साली पतियाळा येथे पुन्हा गाठ पडली, तेव्हा मात्र गामाने त्यास मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. गामाचे नाव आजही घरोघरी ठाऊक आहे. आमच्या मते त्याच्या थोरवीचा एक भाग असाही की, सातासमुद्रापलीकडे जाताना त्याने धाकट्यास बरोबर नेले व तेथे त्यास स्वतःच्या नावावर लढू दिले.

पुढे काळाने या गोष्टीस एक विलक्षण वळण दिले. गामाचे पुत्र अकाली गेले. फाळणीनंतर हे घराणे लाहोरास राहिले व १९६० साली गामा तेथेच निवर्तला. घराण्याची मल्लविद्या पुढे चालविली ती भोलू व त्याच्या भावांनी, आणि हे सर्व इमामबक्षाचे पुत्र होत. धाकट्यास दिलेले अखेरीस थोरल्याच्याच घराण्याच्या कामी आले.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येचे माहेरघर म्हणजे करवीर. राजर्षी शाहू छत्रपतींनी गावोगावच्या तालमींस व मल्लांस उदार आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. त्या मैदानावरील आरंभीच्या कुस्त्यांत इमामबक्ष व गुलाम मोहिउद्दीन यांची कुस्ती कोल्हापूरकर अद्याप सांगतात. पंजाबचे मल्ल इकडे आले, त्यांचे डावपेच इकडच्या पोरांनी उचलले व तांबड्या मातीत एक नवी पिढी तयार झाली. परंतु स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ साली कोल्हापूरही विलीन झाले. पहिलवानांना पोसणारी राजदरबारची कोठी बंद झाली.

त्या संधिकालाचा साक्षी म्हणजे खाशाबा जाधव. १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. पाच भावांतील ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते व पहिले धडे त्यांनीच दिले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य लाभले व खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा मात्र दारोदार मदत मागावी लागली. गावकऱ्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. परत आल्यावर त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून प्राचार्यांचे घर सोडविले. जे काम चार वर्षांपूर्वी राजा करीत होता, ते या वेळी एका शिक्षकाने केले, हे आम्ही शिक्षकांनी विसरता कामा नये.

मात्र प्रत्येकास खर्डेकर भेटत नाहीत. राजाश्रय गेल्यावर मल्लविद्या जगली ती शेतकऱ्यांच्या घरांत. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत एक रीत आहे: चार भावांपैकी एकास तालमीस ‘सोडतात’. बाकीचे नांगर धरतात, उसाला पाणी पाजतात आणि त्या एकाच्या दुधातुपाची, बदामाची तजवीज करतात. मैदानात जोड लागते, हलगी कडाडते, फेटा बांधला जातो तो त्या एकाला. ज्यांनी पहाटे उठून म्हशीची धार काढली व स्वतः कोऱ्या चहावर दिवस काढले, त्या थोरल्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. सोमेश्वराच्या व शाहूंच्या जागी आज हे थोरले भाऊ बसले आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे वडील १९७६ साली वारले. १९७८ साली आम्ही शिक्षक म्हणून रुजू झालो व घरचे कर्तेपण आमच्याकडे आले. धाकटा भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो पहाटे गुपचूप गावच्या तालमीत जाऊ लागला. एके दिवशी वस्ताद स्वतः आमच्या ओसरीवर आले व म्हणाले, “गुरुजी, पोराच्या अंगात कुस्ती आहे. दोन वर्षं माझ्या हवाली करा.” आम्ही त्यांस चहा दिला व नकार दिला. आपल्या ज्ञातीत कोणी लंगोट बांधलेला नाही, हातपाय मोडला तर जबाबदार कोण, शालान्त परीक्षेचे काय, असे आम्ही पुष्कळ बोललो. खरे कारण निराळे होते. दररोज दोन शेर दूध आमच्या पगारात बसेल की नाही याची आम्हांस भीती वाटली, आणि ती बोलून दाखविण्याची लाज वाटली. भावाने दुसऱ्या दिवसापासून तालीम सोडली. तो पास झाला, कारकून झाला, त्याने प्रपंच नेटका केला. या गोष्टीचा त्याने पुन्हा कधी उच्चार केला नाही. पुढे जत्रेत कुस्त्या लागल्या की तो मात्र मैदानाकडे न जाता देवळात बसून राही, हे आम्ही पाहत आलो.

गेल्या वर्षी आमचा महाविद्यालयात जाणारा नातू आपल्या बारा वर्षांच्या बहिणीला घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. तालुक्याच्या गावी मुलींसाठी मॅटवरील कुस्तीचा वर्ग होता व तेथे तिचे नाव घालावे, असे त्याचे म्हणणे होते. रोज सायकलीवरून नेण्या-आणण्याचे त्याने पत्करले होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कुरकुरल्या. आमच्याही ओठांवर १९७८ सालचीच वाक्ये आली होती. परंतु काळ बदललेला आहे. हरियाणातील बलाली या खेड्यातील गीता फोगाट हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिच्या पाठची बबिता हिनेही त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. आणि २०१४ साली ग्लासगो येथे बबिता स्वतः सुवर्णपदकाची मानकरी झाली. २०१६ साली साक्षी मलिक हिने ऑलिंपिक कांस्यपदक आणले. आपल्याकडे २०२३ साली सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. हे सर्व वर्तमानपत्रांत वाचून टाळ्या वाजविणारे आम्ही, स्वतःच्या नातीस कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

आम्ही विचारात पडलो असता धाकटा भाऊ कोपऱ्यातून एवढेच म्हणाला, “दादा, पोरीच्या दुधाचे पैसे मी देत जाईन.” आमच्याने त्याच्याकडे पाहवले नाही. सत्तेचाळीस वर्षांत त्याने आम्हांस दिलेला एवढाच बोल होता, आणि तोही दान म्हणून दिला.

यास्तव ज्ञातिबांधवांना आमची विनंती आहे. धाकट्यास ओढ असेल तरच त्यास आखाड्यात न्यावे. आपल्या हौसेसाठी कोवळ्या मुलास मातीत ढकलणे हेही पापच. जाणता वस्ताद पाहावा, शाळा सोडवू नये, आणि हार झाली त्या संध्याकाळी थोरल्याने आवर्जून जवळ बसावे. जिंकलेल्याजवळ बसावयास सारे गाव असते. आपल्या संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून पुस्तकांप्रमाणेच एखाद्या होतकरू मुलाच्या वा मुलीच्या खुराकासही दरसाल मदत व्हावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवतो व आरंभ म्हणून आमच्या एका महिन्याचे निवृत्तिवेतन त्या कामी अर्पण करतो.

नातीची अजून एकही कुस्ती लागलेली नाही. ती जिंको अथवा हरो, त्या दिवशी तिचा थोरला भाऊ मॅटच्या कडेला उभा असेल. आम्ही व आमचे धाकटे बंधू, दोघेही, त्याच्या शेजारी उभे राहणार आहोत.