गोळा कोणाच्या हातात?

एकलहऱ्यात वीज केंद्राच्या कोळशाच्या वाघिणी मोजत आम्ही मुलं मोठी झालो. पण रेल्वेचं खरं नवल पाहिलं ते मनमाडहून मराठवाड्यात जाणाऱ्या एकेरी मार्गावर. स्टेशनवरच्या माणसाने वेताचं मोठं कडं वर धरलं, ड्रायव्हरने ते घेतलं, तेव्हा गाडी निघाली. ‘‘त्याच्या पिशवीत लोखंडी गोळा असतो,’’ मामू म्हणाले, ‘‘तो हाती आल्याशिवाय या रुळावर गाडी नेता येत नाही.’’

या गोळ्यामागे एक दुःखद घटना आहे. १८७४ साली इंग्लंडमध्ये थॉर्प इथे तारेच्या निरोपात गोंधळ झाला. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, वीसहून अधिक माणसं गेली. मग एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये तोड काढली. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, मध्ये विजेची तार. एकीकडून चकती बाहेर निघाली, की ती परत यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडे कुलूप. आपल्याकडचा गोळा त्या चकतीचाच भाऊ.

माझी मुलगी संगणकाचं काम करते. ती म्हणाली, ‘‘अब्बा, आमच्याकडेही हेच असतं. त्याला म्युटेक्स म्हणतात.’’ एका प्रोसेसमधले थ्रेड म्हणजे एका घरातली माणसं. किल्ली घरातल्या खुंटीवर असली तरी चालते. दोन प्रोसेस म्हणजे दोन घरं. तिथे कुलूप दोघांनाही दिसेल अशा सामाईक स्मृतीत ठेवावं लागतं आणि ते दोन्ही घरांचं आहे, असं आधीच सांगावं लागतं.

१९६५ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी हा प्रश्न नेमका मांडला. सामाईक स्मृती वापरणारे अनेक संगणक. नाजूक कामात एका वेळी एकच. बाहेर थांबलेल्यामुळे इतर अडू नयेत, अशी अटही त्यांनी घातली. त्यांनी आपल्या एका साधनाला नाव दिलं सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल!

पण किल्ली हातात असतानाच कोणी मेला तर? बाकीचे कायम दाराशी उभे. यावरचा उपाय पॉझिक्स या प्रमाणकात २००८ साली आला. पुढच्याला कुलूप मिळतं, पण निरोपासह: आधीचा धनी गेला आहे, आतली मोडतोड आधी नीट करा. तसं न करता कुलूप सोडलं, तर ते कायमचं निकामी होतं.

रेल्वेतही गाडी मध्येच बंद पडली, तर घाईने दुसरी सोडत नाहीत. आधी रूळ मोकळा करतात. दोन घरांनी एक वस्तू वापरायची, तर नुसतं कुलूप पुरत नाही, श्रोतेहो. आधीच्याचं अर्धं राहिलेलं काम निस्तरायची तयारीही लागते.