वाचणे आणि ऐकणे

धर्मविधीतला एक शब्द बदलला की विधी करणाऱ्याचे स्थान बदलते. ज्यू धर्मशास्त्रातला स्त्रियांच्या ग्रंथवाचनाचा वाद आम्हांला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. सातारा आणि सांगली या दोन संस्थानांनी असाच एक वाद पाहिला आहे.

पुरिम हा ज्यूंचा सण फाल्गुनाच्या सुमारास येतो. कोकणातले मराठीभाषक बेने इस्राएल त्याला ‘होळीचा सण’ म्हणत. त्या दिवशी एस्तेर राणीची कथा हस्तलिखित गुंडाळीवरून, म्हणजे मेगिल्लावरून, वाचली जाते. वाचनाआधी बेराखा, म्हणजे ईश्वरस्तुतीचे वचन, म्हणावे लागते. ठरावीक वेळीच करावयाच्या बहुतेक विधींतून ज्यू स्त्रियांना सूट आहे. मेगिल्लाच्या बाबतीत मात्र तालमूद रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचे मत नोंदवतो : हे वाचन स्त्रियांवरही बंधनकारक आहे, कारण त्या चमत्कारात त्याही होत्या.

पुढे भाष्यकारांत मतभेद झाले. अकराव्या शतकातल्या राशींच्या मते स्त्री स्वतः वाचून पुरुषांचेही कर्तव्य पार पाडू शकते. त्यांच्याआधीच्या ‘हलाखोत गदोलोत’ या ग्रंथाने स्त्रीचे कर्तव्य ऐकण्यापुरतेच ठेवले. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी ‘शुल्हान आरूख’वरील टिपणांत एक मत नमूद केले : स्त्री स्वतःसाठी वाचत असली, तरी तिने बेराखेत ‘मेगिल्ला वाचण्याची’ आज्ञा न म्हणता ‘मेगिल्ला ऐकण्याची’ आज्ञा म्हणावी. गुंडाळी तिच्या हातात, आवाज तिचा, आणि तरीही शास्त्राच्या लेखी ती श्रोती!

आता साताऱ्याकडे वळू. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. भोसले क्षत्रिय असतील तर त्यांचे विधी वेदोक्त, नसतील तर पुराणोक्त, असा वाद उभा राहिला. १८३० मध्ये साताऱ्यात शास्त्र्यांची सभा भरली. महाराजांच्या पक्षाला आबा पारसनीस होते. विरोधी पक्षाचा मोठा आधार सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन. सभेचा कौल भोसल्यांच्या बाजूने गेला, पण वाद मिटला नाही. १८९९ नंतर शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तो पुन्हा पेटला.

वेदोक्त आणि पुराणोक्त हा भेदही अखेर कोणी काय उच्चारावे आणि कोणी काय ऐकावे याचाच. स्त्रिया आणि शूद्र यांच्या कानी वेद पडत नाहीत, म्हणून व्यासांनी भारत रचले, असे भागवतात सांगितले आहे. मनुस्मृतीत मुलींचे संस्कार अमंत्रक आहेत. विवाह हाच त्यांचा वैदिक संस्कार. म्हणजे साताऱ्याचा पक्ष जिंकला, तरी त्या जिंकलेल्या वेदमंत्रांचा उच्चार राजवाड्यातल्या स्त्रियांना मिळणार नव्हता. अधिकार कुळाला मिळाला. स्त्रीचा प्रश्न वादाच्या बाहेरच राहिला.

दोन्ही परंपरांची सरसकट बरोबरी आम्ही करत नाही. साताऱ्यात विचारले गेले ते, तू कोणत्या वर्णाचा. तालमूदने मेगिल्लाच्या बाबतीत विचारले, ही घटना तुझ्यावरही गुदरली होती का. तोरावाचनाविषयी तर तोच तालमूद म्हणतो, की सात वाचकांत स्त्रीचीही गणना होऊ शकते. मात्र समाजाच्या मानासाठी तिने वाचू नये. मनाई आहेच, पण ती स्त्रीच्या अपात्रतेवर उभी केलेली नाही. ज्या मनाईचे कारण लिहून ठेवले जाते, तिच्याशी पुढच्या पिढ्यांना वाद घालता येतो. विसाव्या शतकात ज्यू स्त्रियांनी मेगिल्लावाचनाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना राशींचे मत हाताशी होते.

साहित्य शिकवणाऱ्यांनी हा वाद वाचावा तो यासाठी. जी कथेत होती तिने ती कथा वाचावी, की नुसती ऐकावी, हा प्रश्न पुरिमच्या रात्रीपुरता उरत नाही. आपल्या पोथ्यांविषयीही तो विचारता येतो.