मद्रासची वाळू, लंडनचा मॉनिटर

सर वर्गाबाहेर गेले की आपल्याकडे एक मुलगा फळ्यापाशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायला लागतो. तो मॉनिटर. त्याच्या हातात खडू असतो, थोडा अधिकार असतो, आणि शिकवण्याचं काम मात्र अजिबात नसतं. दोनशे वर्षांपूर्वी ज्या पद्धतीमुळे मॉनिटर जगभरच्या शाळांत पोचला, तिच्यात शिकवणं हेच त्याचं मुख्य काम होतं. ते गळून पडलं आणि पहारा तेवढा उरला. हे कसं झालं ते पाहायचं तर सुरुवात मद्रासपासून करावी लागते.

१७८९ साली अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे मद्रासमधल्या एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा कारभार आला. तिथली मुलं बहुतेक गोऱ्या सैनिकांची, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या आया हिंदुस्थानी. शिक्षक पगारी होते, पण शिकवण्यात त्यांना ना गती होती ना रस. मुलं मुळाक्षरांतच महिनोन्महिने रुतून बसत. अशात एके दिवशी घोड्यावरून रपेट करताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर वाळू पसरून तिच्यात बोटानं अक्षरं गिरवत होती. ('मलबारी' शाळा, असं त्या काळचे इंग्रज म्हणत, मद्रासेत त्याचा अर्थ तमिळ.) धूळपाटीवर धुळाक्षरं काढलेल्या समाजाला यात नवल वाटायचं कारण नाही. बेल मात्र थक्क झाला. घरी परतून त्यानं सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकाला तसं करून पाहायला सांगितलं. शिक्षक म्हणाला, हे होणं शक्य नाही.

मग बेलनं ते काम जॉन फ्रिस्कन नावाच्या विद्यार्थ्याला दिलं. फ्रिस्कनचं वय साधारण आठ. शिक्षकाला जे अशक्य वाटलं ते या पोरानं करून दाखवलं, आणि बेलनं हळूहळू सगळी शाळाच मुलांकडे सोपवली. शिकवणारी मुलं, शिकणारी मुलं, त्यांच्यावर देखरेख करणारी थोडी मोठी मुलं. गुन्ह्यांची नोंद एका काळ्या वहीत व्हायची आणि आठवड्यातून एकदा मुलांचेच पंच बसून निवाडा करायचे. १७९७ साली लंडनमध्ये त्यानं या प्रयोगाची छोटी पुस्तिका छापली.

वाळूला लोक फार महत्त्व देतात. वाळू स्वस्त, पुसायला सोपी, हे खरंच. पण तीच वाळू त्या शिक्षकासमोरही होती आणि त्याच्या हातून काही घडलं नाही. फरक पडला तो फ्रिस्कनमुळे. काल ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्यावर आज दहाबारा लहानग्यांचा भार आला. शिकवायचं तर आधी स्वतःला नीट यायला हवं, ही गरज कुठल्याही छडीपेक्षा चिवट असते. आणि लहानग्यांना 'क' का अडतो हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याचा स्वतःचा 'क' नुकताच सुटला होता. अध्यापनकौशल्याच्या जाड पुस्तकांत हे एवढ्या थोडक्यात क्वचित सापडतं.

इथून गोष्ट लंडनला जाते. १७९८ च्या सुमारास जोसेफ लँकेस्टर या क्वेकर पंथाच्या विशीतल्या तरुणानं सदर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली. ज्यांना फी परवडत नव्हती त्यांना तो फुकट शिकवी. मुलं लोटली, पण शिक्षक ठेवायला पैसा नव्हता. त्यानं मॉनिटरांची फौज उभी केली. एक प्रचंड दालन, बाकांच्या रांगा, भिंतीवर टांगलेले छापील तक्ते, प्रत्येक तक्त्यासमोर अर्धवर्तुळात उभी मुलं, आणि सगळ्यांवर एकच मास्तर. एक मास्तर हजार मुलं शिकवू शकेल, हा त्याचा दावा. पाट्या दाखवा, पाट्या खाली, उभे राहा, वळा: सगळं हुकमावर. ही कल्पना आधी कुणाची, यावरून पुढे बेलच्या आणि लँकेस्टरच्या पाठीराख्यांत जो वाद पेटला त्यात इंग्लंडातलं चर्चसुद्धा ओढलं गेलं. तो बराचसा पंथांचा होता, म्हणून इथे सोडून देऊ.

लँकेस्टर मारकुटा नव्हता. क्वेकर माणूस, छडीच्या विरोधात. पण शेकडो मुलं गप्प कशी बसवायची? त्याचं उत्तर बक्षिसांत आणि लाजेत होतं. चांगलं काम केलं की बिल्ला किंवा तिकीट मिळे. तिकिटं साठवून चेंडू, पतंग असली खेळणी घेता येत. उलट वागणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका, पायांत खोडा, नाहीतर टोपलीत बसवून छताला टांगणं. १८०८ साली कवी कोलरिज यानं लंडनमधल्या एका जाहीर व्याख्यानात या शिक्षांचा सडकून समाचार घेतला होता. मला त्या टोपलीइतकीच ती तिकिटंही खटकतात. अक्षर वळणदार आलं याचा आनंद पतंगाच्या आशेपुढे किती टिकणार? मद्रासेत मूल मुलाला शिकवत होतं कारण तिथे शिक्षक कमी पडला. लंडनमध्ये ते शिकवत होतं कारण ते स्वस्त पडत होतं. मॉनिटर तेवढंच बोले जेवढं तक्त्यावर छापलेलं असे. पोराला तक्ता का कळला नाही, हे शोधायला त्याला ना वेळ होता ना मुभा. व्यवस्थापन चोख झालं आणि शिकवणं त्यात विरघळून गेलं. १८४६ नंतर इंग्लंडनंच मॉनिटर बाजूला सारून वयानं मोठे, पगारी उमेदवार शिक्षक घ्यायला सुरुवात केली.

तोवर ही पद्धत बोटीत बसून मुंबईला आली होती. १८२३ च्या अखेरीस गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं शिक्षणावर जे टिपण लिहिलं, त्यात देशी शाळांमधली शिकवण्याची रीत सुधारणं हा मुद्दा अग्रभागी होता. मुंबईच्या शिक्षणमंडळींना यासाठी लँकेस्टरची तऱ्हा सोयीची वाटली. गंमत अशी की मोठ्या पोरानं धाकट्याला गिरवायला शिकवणं पंतोजींच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालूच होतं. इथलीच वस्तू विलायती शिक्का लावून परत आली. पंतोजींच्या शाळेत अंगठे धरणं होतं, टांगणं होतं, न येणाऱ्या पोराला उचलून आणणं होतं; तिचं गोडवे गाणारं चित्र रंगवण्यात अर्थ नाही. पण दडी मारणारं पोर आळशीच, अशी जी समजूत तिथे होती, ती नव्या शाळेनंही मोडली नाही.

ती मोडायला सुरुवात झाली पुण्यात. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेलं निवेदन वर्गाच्या नजरेतून वाचून पाहावं. मुलं परीक्षेत किती उतरली त्यावर शाळेला पैसे देण्याची पद्धत तेव्हा चर्चेत होती. गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांत ती चालणार नाही, असं फुल्यांनी सांगितलं. गावचा मास्तर कसा असावा? शेतकरी वर्गातला, लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा. गोडी मुलांनी घरून आणायची वस्तू नाही, ती लावावी लागते आणि ती लावणारा माणूस कोण यावर ती लागणं ठरतं, हे एवढं त्यात आहे.

पुढे साठेक वर्षांनी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला काम सुरू केलं. नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नसत. कारणं साधी होती: गुरं राखायची असत आणि धाकटं भावंडं सांभाळायचं असे. इथे बक्षीसही दिलं नाही आणि छडीही उगारली नाही. शाळाच गुरांमागे कुरणात गेली. कुरणशाळा हे तिचं नाव. शिंपले, बिया, पानं, खडे ही मोजायची साधनं झाली. आणि धाकट्याला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवायचं नाही, असं ठरलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आले. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, आणि दिवसभर त्यांना सांभाळणारी ती आठनऊ वर्षांची पोर पहिल्यांदाच हात मोकळे होऊन पाटीसमोर.