'निसटलेल्या' माशांचा हिशेब

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅमन माशांचा इतिहास वाचू लागले, की 'एस्केपमेंट' हा शब्द पानोपानी भेटतो. जाळ्यांतून निसटून नदीत वरपर्यंत पोहोचणाऱ्या, अंडी घालण्याजोग्या माशांची संख्या, असा त्याचा पारिभाषिक अर्थ. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे असेल, आकड्यांच्या आधी आमचे लक्ष या शब्दाकडे गेले. मासा पकडला जाणे हा नियम आणि तो नदीत परतणे हा अपवाद, असे एक जग या शब्दात गृहीत धरलेले आहे. विसाव्या शतकात नद्यांचे व्यवस्थापन बव्हंशी या गृहीतकावर चालले आणि त्याची किंमत ओढ्यांतल्या पिलांनी मोजली, असे आम्हांस वाटते.

पॅसिफिक सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, बहुधा आपल्या जन्माच्याच ओढ्यात परततो, अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या देहाचे नव्वद टक्क्यांहून अधिक वजन समुद्रात कमावलेले असते. उलट डोंगरातले हे ओढे थंड, नितळ आणि नायट्रोजन-फॉस्फरसच्या बाबतीत बहुतेकदा दरिद्री. नितळ पाणी म्हणजे समृद्ध पाणी, ही समजूत येथे सोडावी लागते. मेलेल्या माशांची कलेवरे कुजली की दगडांवर शेवाळ धरते, शेवाळावर कीटकांच्या अळ्या पोसतात आणि अळ्यांवर पिले. पिले कलेवरांचे मांस आणि वाहून आलेली अंडी थेटही खातात. गुलाबी सॅमनची पिले जन्मताच समुद्राची वाट धरतात. कोहोची मात्र वर्षभर, तर स्टीलहेडची सहसा एक ते तीन वर्षे ओढ्यातच काढतात. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राऊट. तो अंडी घालून मरतोच असे नाही. म्हणजे त्याची पिले बऱ्याच अंशी परजातीच्या मरणावर वाढतात.

या देण्याघेण्याला खीळ बसली ती डबाबंदीच्या धंद्याने. १८६४ साली सॅक्रामेंटो नदीवर पहिला कारखाना निघाला, १८६६ साली कोलंबिया नदीवर. पुढे धरणे आली. १९४२ साली पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाने वरच्या खोऱ्याची वाट सॅमनला कायमची बंद केली. उतारा म्हणून मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. तेथे अंडी काढून घेतली जात. उरलेल्या देहाचा ओढ्याशी काही संबंध असेल, हा विचार त्या व्यवस्थेत फारसा नव्हता. आणि मासे अडतात म्हणून ओढ्यांतले पडलेले ओंडकेही सरकारी खर्चाने उपसले गेले. नेमके हेच ओंडके कलेवरे अडवून धरतात, हे पुढे कळले.

हे सारे अज्ञानापोटी घडले असे म्हणावे, तर तसेही नाही. चॉन्सी ज्युडे आणि सहकाऱ्यांनी अलास्कातील कार्लुक सरोवराचा अभ्यास करून मृत सॅमन तेथे फॉस्फरस आणतात, हे १९३२ सालीच छापले होते. त्याआधी, १९२६ साली, एर्ना गुंथर यांनी किनाऱ्यावरील आदिवासी समाजांच्या 'पहिल्या सॅमन'च्या विधीवर निबंध लिहिला. त्यांतील अनेक समाज त्या माशाची हाडे आदरपूर्वक पाण्यात परत सोडत. त्यांना आजचे रसायनशास्त्र आधीच ठाऊक होते, असा दावा करणे सोपे आहे. आम्ही तो करणार नाही. पण त्यांच्या भाषेत मेलेल्या माशाला जागा होती, एवढे खरे. १९५४ साली विल्यम रिकर यांनी जनक मासे आणि त्यांची संतती यांचे नाते आलेखात मांडले. गणित चोख होते. परंतु त्या आलेखाच्या व्यवहारी वाचनात मासा केवळ अंड्यांचा वाहक उरला, आणि गरजेपेक्षा जास्त परतणारा मासा 'अतिरिक्त' ठरला. अतिरिक्त कोणाच्या लेखी, हा प्रश्न विचारायला चार दशके जावी लागली.

उत्तर मिळाले ते चिखलात. सागरातून आलेल्या नायट्रोजनमध्ये जड समस्थानिकाचे प्रमाण अधिक असते. त्यावरून ब्रूस फिनी आणि सहकाऱ्यांनी कार्लुकच्या तळगाळातून सुमारे तीनशे वर्षांची सॅमनची आवकजावक वाचली. मासेमारीचे ओरखडे त्यात दिसतात, हवामानाचेही. आपल्याकडे जुन्या दप्तरांतून जमाखर्च काढतात, तसेच हे काम. त्याच २००० साली आणखी एक अंदाज प्रसिद्ध झाला: वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो आणि कॅलिफोर्नियाच्या नद्यांना पूर्वी सॅमनमार्फत मिळणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसपैकी जेमतेम सहा-सात टक्केच आता पोहोचतात.

मग भरपाई सुरू झाली. खरे तर आधीच झाली होती. व्हँकुव्हर बेटावरील किओ नदीत १९८०च्या दशकात खत घातले, तेव्हा स्टीलहेड आणि कोहोची पिले झपाट्याने वाढली. नैऋत्य वॉशिंग्टनच्या दोन ओढ्यांत रॉबर्ट बिल्बी आणि सहकाऱ्यांनी मत्स्यबीज केंद्रातील कलेवरे टाकली. १९९८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तसाच होता. रोगजंतूंची भीती म्हणून पुढे माशांच्या भुकटीच्या, तापवून निर्जंतुक केलेल्या गोळ्या निघाल्या. कलेवराची ही नक्कल!

नकलेच्या मर्यादाही लपून राहिल्या नाहीत. दाट सावलीतल्या ओढ्यात खत घालून शेवाळ वाढत नाही. कलेवरांबरोबर सागरातली प्रदूषकेही वर येतात. शिवाय समुद्राकडे निघालेली पिले स्वतःबरोबर फॉस्फरस घेऊन जातात. परतणारे मासे फार थोडे असले, तर ओढा काही वर्षी तोट्यातही जातो, हे स्नेक नदीच्या खोऱ्यावरील २००५च्या अभ्यासाने दाखवले. गोळी वाळू उकरून घरटे करत नाही आणि अस्वल ती जंगलात ओढून नेत नाही. आमचा कल त्यामुळे खताच्या पोत्यापेक्षा वाट मोकळी करण्याकडे आहे, जरी ती मोकळी होईपर्यंत पोती लागतील हेही आम्ही मानतो.

वाट मोकळी होऊ शकते. एल्वा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली. क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ साली काढून संपली, आणि त्याच ऑक्टोबरात चिनुक सॅमन ओरेगॉनमधील क्लॅमथ खोऱ्यात १९१२ नंतर प्रथमच दिसले. खत घेऊन तेथे कोणी गेले नव्हते. मासे आले, आणि अंडी घालून त्याच ओढ्यांत मरण्यासाठी आले.