बायोसेन्सरचा इतिहास आणि गावची विहीर: दोन ०.३ ची गोष्ट

बायोसेन्सरवर सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिला परिच्छेद जवळपास ठरलेला असतो: १९६२ साल, लेलँड क्लार्क, ग्लुकोज. साल बरोबर आहे. पण तुमचा विषय पाण्याचं प्रदूषण असेल, तर इतिहास त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून वाचा. माझं गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. त्यामुळे या विषयावरचा कुठलाही पेपर हातात आला की मी एक प्रश्न विचारतोच: हे आमच्या विहिरीवर चालेल का? आज हाच प्रश्न घेऊन आपण हा इतिहास चाळू.

पाच दिवसांची वाट

पाण्यात सांडपाणी किती मिसळलंय हे जिवाणूंकडूनच मोजून घ्यायची कल्पना जुनी आहे. बाटलीत पाणी बंद करून ठेवायचं. त्यातले जिवाणू घाण खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. जितका ऑक्सिजन कमी झाला, तितकी घाण जास्त. हीच बीओडी चाचणी. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात तिच्यासाठी पाच दिवसांची मुदत धरली. तिथल्या नद्यांचं पाणी तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळतं, म्हणून पाच दिवस, असं कारण सांगितलं जातं. आपल्याकडे भारतीय मानकात हीच चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करतात, कारण उबेत जिवाणू लवकर काम उरकतात. पद्धत एकच असली तरी हवामान बदललं की मुदत बदलते, एवढं लक्षात ठेवा.

तीन दिवस काय आणि पाच दिवस काय, निकाल येईपर्यंत पाणी पुढे गेलेलं असतं. क्लार्कचं काम उपयोगी पडलं ते इथे. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड त्याने १९५६ मध्ये मांडला होता. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर बसवण्याची कल्पना दिली. म्हणजे ओळखणारा भाग सजीवांकडून घेतलेला आणि मोजणारा भाग यंत्राचा, दोन्ही एकमेकांना चिकटून. बायोसेन्सर म्हणायला ही जोडी लागते.

पुढे जपानमध्ये इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी एन्झाइमच्या जागी अख्खे जिवाणूच बसवले. मातीतले जिवाणू कोलॅजनच्या पडद्यात अडकवायचे आणि तो पडदा ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर चढवायचा. बीओडीसाठीचा हा सेन्सर १९७७ चा. पाच दिवसांचं उत्तर आता मिनिटांत मिळू लागलं. १९९० मध्ये जपानने अशा उपकरणासाठी आपलं राष्ट्रीय मानकही काढलं.

ट्रॉम्बेचे जिवाणू

आता आपल्या राज्यात येऊ. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसूझा यांच्या गटाने सूक्ष्मजीवांच्या सेन्सरवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचा २००६ चा एक पेपर जरूर वाचा. विषय मिथाइल पॅराथिऑन, म्हणजे कापसावर भरपूर फवारलं गेलेलं कीटकनाशक. फ्लेव्होबॅक्टेरियम या जिवाणूकडे ते तोडणारं एन्झाइम असतं. तुटल्यावर पॅरा-नायट्रोफिनॉल तयार होतं, त्याचा रंग पिवळा. जितका पिवळा, तितकं औषध.

या गटाने एन्झाइम वेगळं काढण्याचा खर्च टाळला. अख्ख्या पेशी काचतंतूच्या फिल्टरवर चिकटवल्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या, आणि पिवळेपणा प्रकाशाने मोजला. साधी, स्वस्त आणि डोक्याने केलेली रचना. कापूस पिकवणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून वाटतंच, की हे आपल्यासाठीच केलंय.

पण आता पेन घ्या. पेपरमध्ये किमान ओळखता येणारं प्रमाण दिलंय ०.३ मायक्रोमोलर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) मिथाइल पॅराथिऑनची मर्यादा आहे लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम. आकडा तोच, एकक वेगळं. या रसायनाचा रेणुभार साधारण २६३. म्हणजे ०.३ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला सुमारे ७९ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ २६० पट!

यात पेपरची चूक काहीच नाही. त्यांनी जे मोजलं तेच लिहिलं. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी किंवा सांडलेलं औषध तपासायला असा सेन्सर उपयोगी पडू शकतो. पण 'सेन्सरने काही दाखवलं नाही, विहीर सुरक्षित आहे' असं त्यावरून म्हणता येणार नाही. संदर्भ म्हणून हा आकडा घेताना एकक बघितलं नाही, तर तुमचा अख्खा प्रबंध या दोन ०.३ च्या मधल्या दरीत पडेल.

आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिथाइल पॅराथिऑनवर बंदी घातली. शेतातलं औषध बदलतं. एका रेणूसाठी घडवलेला सेन्सर मात्र त्याच रेणूची वाट बघत बसतो.

गावात पोचली ती बाटली

मग गावात काय पोचलं? १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक साधी चाचणी छापली. बाटलीत रसायनं शोषलेला कागद ठेवायचा, त्यात पाणी ओतायचं आणि ठेवून द्यायचं. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. हीच एच टू एस बाटली. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या हाती हीच बाटली आली.

काटेकोर व्याख्येत हा बायोसेन्सर बसत नाही. ओळखणारा जीव पाण्यातूनच येतो, आणि यंत्राच्या जागी माणसाचा डोळा असतो. पण नेमक्या याच दोन कारणांनी ती टिकली. जिवाणू थंडीत जपून ठेवायची गरज नाही, वीज नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीची ऊबच बहुतेक वेळा पुरते. बाटली काळी झाली की पुढे काय करायचं हेही ठरलेलं: जलसुरक्षकाला सांगा, टीसीएल पावडर टाका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

तिच्या मर्यादाही तुमच्या वहीत असू द्या. निकालाला एक-दोन दिवस लागतात. भूजलात मुळातच असलेले सल्फेट वापरणारे काही जिवाणूही बाटली काळी करतात. आणि कीटकनाशक, नायट्रेट, फ्लोराइड यांतलं तिला काहीच कळत नाही.

तुमच्यासाठी जागा

जपानच्या सेन्सरकडे वेग होता, ट्रॉम्बेच्या सेन्सरकडे नेमकेपणा, ग्वाल्हेरच्या बाटलीकडे टिकाऊपणा. तिन्ही गोष्टी एकत्र आणणं हे काम अजून चालू आहे. आयआयटी मुंबईत रुची आनंद यांच्या गटाने एका जिवाणूतलं फिनॉल ओळखणारं 'मॉपआर' हे प्रथिन घेतलं, ते बदलून इतर रेणू ओळखायला लावलं आणि रोचिश ठाओकर यांच्यासोबत 'अ‍ॅरोट्रॅक' नावाचं हातात मावणारं उपकरण केलं. जिवंत पेशीऐवजी प्रथिन वापरलं, की पेशी जगवण्याचा प्रश्न तरी उरत नाही.

पहिला अभ्यास म्हणून एवढं करा. अ‍ॅरोट्रॅकचा पेपर काढा, फिनॉलसाठीचं त्यांचं किमान प्रमाण लिहून घ्या. मानकात फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. दोन्ही एकाच एककात आणा आणि शेजारी शेजारी लिहा. मग खाली तीन ओळी रिकाम्या सोडा: चाळीस अंशांत हे किती दिवस टिकेल? निकाल कोण वाचेल? वाचल्यावर तो काय करेल? सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद त्या तीन ओळी भरल्यावरच लिहायला घ्या.