सहीचा हात

१९७९ ची गोष्ट. इंदूरला राजवाड्यापाशी स्कूटर घसरली नि मी उजव्या तळहातावर आपटलो. मुरगळलाय म्हणून पहलवानाकडून मालीश करून घेतली. वर्षभरानंतरही मनगट दुखे, व्हाउचरवरची सही बँकेतल्या नमुना-सहीशी जुळेना. आता नोकरी कशी करायची?

एक्स-रेत कळलं, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं होडीसारखं स्कॅफॉइड हाड मोडून तसंच राहिलेलं. याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकानं शिरतं. मधोमध मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी! १९३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या माटींनी असं हाड आतून कोरून रुग्णाच्याच दुसऱ्या हाडाचा भुसभुशीत गर त्यात भरला. ते हाताच्या पाठीकडून शिरत. ऑस्ट्रियाच्या रुसेंनी १९६० मध्ये तळहाताकडची वाट धरली, म्हणजे पाठीकडच्या रक्तवाहिन्या वाचतात. भरलेल्या हाडाच्या आधारानं नवं हाड धरतं.

माझं हाड कमरेतून काढलं. आई म्हणाली, "अगोबाई, कमरेचं हातात?" तीन महिने प्लास्टर. खरं सांगतो, हातापेक्षा कंबरच जास्त ठणकली.

प्लास्टर निघाल्यावर हेड ऑफिसला नमुना-सही नव्यानं पाठवली. जुन्या सहीतला शेवटचा झोक काही परत आला नाही.